थांबवण्याचे शास्त्र : कॉन्टॅक्टरवरील दोन आकड्यांचा इतिहास

१/ कारखान्यातील कोणतेही विद्युत् पॅनेल उघडले, की बटणाच्या हुकमाने ‘खट्’ असा आवाज करणारी एक करडी पेटी दिसते. तिचे नाव कॉन्टॅक्टर. निरखून पाहिले तर त्या एकाच पेटीवर दोन आकडे छापलेले आढळतात : एके ठिकाणी ५० अँपिअर, दुसऱ्या ठिकाणी ३२ अँपिअर. दोन्ही खरे आहेत. मग मोटरसाठी निवड करताना कोणता धरावा? #इतिहास #धागा

२/ उत्तर कोणत्याही तांत्रिक तक्त्यात मिळेल. परंतु तो तक्ता तसा का झाला, हे इतिहासातच सापडते. वीज जोडावी कशी, हे माणसाला लवकर उमगले. वाहती वीज तोडावी कशी, हे शिकण्यात मात्र त्याची शंभराहून अधिक वर्षे खर्ची पडली. त्या शिक्षणाचा सारांश म्हणजे हे दोन आकडे. आजचा धागा त्यांच्याविषयी.

३/ आरंभ एका ठिणगीपासून करावा लागेल. अमेरिकन वैज्ञानिक जोसेफ हेन्री याने १८३२ मध्ये नोंदवले, की लांब तारेतून वाहणारा प्रवाह तोडला असता तुटल्या जागी ठसठशीत ठिणगी उडते, आणि त्या तारेची गुंडाळी केली तर ती आणखी प्रखर होते. या गुणाला स्वयंप्रेरण म्हणतात. उतारावरची भरलेली बैलगाडी ‘थांब’ म्हटल्याने जागच्या जागी थांबत नाही. गुंडाळीतल्या प्रवाहाचेही तसेच आहे.

४/ प्रवाह मोठा असेल तर ती ठिणगी क्षणात विझत नाही. दोन टोकांमधली हवा हजारो अंशांपर्यंत तापते, स्वतःच वाहक बनते आणि फटीवर एक ज्वलंत पूल उभा राहतो. मराठी परिभाषेत ही प्रज्योत, कारखान्यात ‘आर्क’. स्विच उघडलेला दिसतो, तरी वीज वाहतच असते आणि धातू वितळत असतो.

५/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे स्विच या आगीपुढे अगदीच भाबडे होते. संगमरवराच्या किंवा स्लेटच्या पाटीवर उघडी तांब्याची पाती आणि त्यांना लाकडी मूठ, एवढाच सरंजाम. चालवणाऱ्याने मूठ झटक्यात ओढली तर ज्योत लहान राही; हात बिचकला तर ती लांबे. म्हणजे यंत्राची सुरक्षितता एका माणसाच्या मनगटावर अवलंबून होती.

६/ याच सुमारास रंगमंचावर नवे पात्र आले. जर्मनीतील एईजी कंपनीचा अभियंता मिखाइल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की याने १८८९ मध्ये पिंजरा-रोटरची थ्री फेज मोटर सिद्ध केली. १८९१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात १७५ किलोमीटरवरच्या लाउफेन गावातून वीज आणली गेली आणि तिच्यावर चाललेल्या १०० अश्वशक्तीच्या मोटरीने पाणी उपसून एक कृत्रिम धबधबा वाहता केला. जलशक्तीची वीज झाली आणि विजेचे पुन्हा पाणी झाले.

७/ ही मोटर कारखानदारांना का आवडली? तिला कार्बनचे ब्रश नाहीत, झिजणारा कम्युटेटर नाही. दणकट आणि स्वस्त. पण तिला एक खोड आहे. रोटर स्थिर असताना थेट वीज जोडली, तर ती नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह खेचते. गती वाढत जाते तसा हा प्रवाह उतरतो आणि पूर्ण वेगाजवळ पोहोचल्यावर मूळ पातळीवर येतो.

८/ एकच मोटर आपल्या स्विचकडे तीन निरनिराळी कामे मागते. सुरू होताना सहापट प्रवाह जोड. चालू असताना एकपट प्रवाह शांतपणे वाहून ने. बंद करताना जेवढा प्रवाह असेल तेवढा तोड. आणि तो किती असेल, हे मोटर कोणत्या क्षणी बंद केली जाते यावर ठरते. पुढचा सारा इतिहास या तिसऱ्या कामाभोवती फिरतो.

९/ हा प्रश्न मुंबईत येऊन पोहोचला तो १९१५ मध्ये. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहात आले आणि टाटांची जलविद्युत् मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. तोवर गिरणीचा प्राण म्हणजे वाफेचे एक प्रचंड इंजिन. त्याची शक्ती छताजवळून जाणाऱ्या लांब दांड्यांवर आणि चामडी पट्ट्यांवरून एकेका यंत्रापर्यंत पोहोचे.

१०/ आरंभी इंजिनाच्या जागी मोठी मोटर बसवावी आणि दांडे-पट्टे तसेच ठेवावेत, अशी सर्वत्र रीत होती. त्या व्यवस्थेत एखाददुसरा मोठा स्विच आणि तो हाताळणारा एक जाणता माणूस पुरे. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळू लागली. एका खात्यात शंभर मोटरी आल्या, तर शंभर स्विच आले. इतकी चपळ मनगटे आणायची कोठून?

११/ उत्तर गिरणीत जन्मले नाही, ते रेल्वेत जन्मले. अमेरिकन अभियंता फ्रँक स्प्रेग याने १८९७ मध्ये शिकागोच्या साउथ साइड उन्नत रेल्वेसाठी एक योजना आखली : प्रत्येक डब्याला स्वतःच्या मोटरी, आणि सर्वांचे नियंत्रण एकाच हाती. त्या वर्षी जुलैत स्कनेक्टडी येथील चाचणीत सहा डब्यांची गाडी त्याच्या दहा वर्षांच्या मुलाने चालवून दाखवली.

१२/ मुलगा चालवू शकला, कारण त्याच्या हाताखालून मोटरींचा प्रचंड प्रवाह जातच नव्हता. जात होता तो केवळ एक क्षीण इशारा. लवकरच या पद्धतीत प्रत्येक जोडणीसाठी विद्युत्‌चुंबकाने मिटणारे स्वतंत्र स्विच आले आणि त्यांना ‘कॉन्टॅक्टर’ हे नाव रूढ झाले. अनेक डब्यांच्या मोटरी एका जागेवरून चालवण्याचे हे तत्त्व मुंबईकरांनी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी अनुभवले. त्या दिवशी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेवरची पहिली लोकल धावली.

१३/ कॉन्टॅक्टरची रचना साधी आहे. तारेची एक कॉइल, तिच्यात पातळ पत्र्यांचा लोखंडी गाभा, समोर सरकणारा दुसरा गाभा आणि त्याला जोडलेले संपर्क, ज्यांना आपले कारागीर ‘पॉइंट’ म्हणतात. कॉइलला वीज मिळाली की गाभा ओढला जातो आणि पॉइंट मिटतात. वीज गेली की स्प्रिंग त्यांना फेकून उघडते. स्प्रिंग दमत नाही, बिचकत नाही. मनगटाचा प्रश्न इथे सुटला.

१४/ एक अडचण राहिली. प्रत्यावर्ती प्रवाह ५० हर्ट्झला सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो. त्या प्रत्येक क्षणी चुंबकाची पकड सुटू पाहते आणि गाभा थरथरतो. म्हणून गाभ्याच्या तोंडावर तांब्याचे एक छोटे वळे बसवतात. त्यातील प्रेरित प्रवाहामुळे चुंबकत्वाचा एक भाग किंचित मागे रेंगाळतो आणि पकड टिकते. कॉन्टॅक्टर घूं घूं करू लागला, की जाणता वायरमन आधी गाभ्यावरची धूळ आणि हे वळे तपासतो.

१५/ या रचनेतून एक देणगी अभावितपणे मिळाली. हिरवे बटण दाबले की कॉन्टॅक्टर मिटतो आणि आपल्याच एका सहायक पॉइंटातून स्वतःला धरून ठेवतो. लाल बटण ती साखळी तोडते. मध्येच वीज गेली, तरीही साखळी तुटते. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होत नाही; माणसाने पुन्हा हिरवे बटण दाबेपर्यंत ते मुकाट उभे राहते.

१६/ या मुकाटपणाचे मोल ज्याचा हात त्या क्षणी यंत्रात असेल त्याला विचारावे. भारताच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम २४ या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. पट्टा सरकवण्याची यांत्रिक योजना आणि आणीबाणीत शक्ती तोडण्याचे साधन, या दोहोंची सक्ती त्याच एका कलमात होती. दांड्या-पट्ट्यांचे युग आणि लाल बटणाचे युग तिथे शेजारी शेजारी नांदतात.

१७/ आता आगीकडे वळू. एलिहू थॉमसन याने १८८० च्या दशकात दाखवले, की चुंबकीय क्षेत्र प्रज्योतीला फुंकर मारल्यासारखे बाजूला ढकलते. ती ताणली जाते, थंड होते आणि तुटते. एकदिश प्रवाहाच्या कॉन्टॅक्टरात आजही ही युक्ती लागते, कारण तिथे प्रवाह आपणहून कधीच शून्यावर येत नाही. म्हणूनच एसीसाठी घेतलेला कॉन्टॅक्टर त्याच आकड्यावर डीसीसाठी वापरणे घातक ठरते.

१८/ प्रत्यावर्ती प्रवाहात निसर्गच साहाय्य करतो. प्रश्न एवढाच, की शून्यानंतर ज्योत पुन्हा पेटू नये. वेस्टिंगहाउस कंपनीतील जोसेफ स्लेपियन याने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर मूलगामी काम केले. धातूच्या पट्ट्यांची एक चळत ठेवून त्याने मोठ्या ज्योतीचे अनेक लहान तुकडे केले. शून्यक्षणानंतर प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी हवा तात्काळ बळकट होते आणि सर्व तुकड्यांचे बळ एकत्र येते. कॉन्टॅक्टरच्या माथ्यावरील खोक्यात अशाच पट्ट्या असतात.

१९/ पॉइंटांचा धातूही बदलला. तांबे हवेत काळवंडते आणि तो थर विजेला अडवतो. म्हणून जुने तांब्याचे पॉइंट मिटताना एकमेकांवर घासतील असे बनवत. चांदीला ही अडचण नाही, परंतु शुद्ध चांदी उष्णतेने सहज चिकटते. तिच्यात कॅडमियम ऑक्साइड मिसळले, की चिकटणे कमी होते. कॅडमियम विषारी असल्याने पुढे टिन ऑक्साइडचे मिश्रण पसरले. अशा चांदीच्या पॉइंटांना कानसीने घासून ‘चकचकीत’ करणे म्हणजे त्यांचे आयुष्य घासून टाकणे होय.

२०/ साधन तयार झाले. पण ग्राहकाने निवडावे कसे? अमेरिकेत १९२६ मध्ये नेमा ही उत्पादकांची संघटना स्थापन झाली आणि तिच्या मानकांतून मापांची एक सुटसुटीत मालिका रूढ झाली : ००, ०, १, २ अशी ९ पर्यंत. माप १ म्हणजे २७ अँपिअर, ४६० व्होल्टवर १० अश्वशक्तीपर्यंतची मोटर. मोटरची शक्ती पाहा, माप उचला. मधल्या पायऱ्या थोड्या, म्हणून बहुतेकदा साधन गरजेपेक्षा बरेच मोठे येई. चूक झाली तरी ते सांभाळून घेई.

२१/ युरोपने दुसरी वाट धरली. लंडनमध्ये १९०६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या, म्हणजे आयईसीच्या, मानकांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘वापर-प्रवर्ग’ ही कल्पना स्थिरावली. या विचाराचे मर्म असे : साधनाची क्षमता सांगण्याआधी त्याला कोणते काम करायचे आहे ते सांगा. काम बदलले, की आकडाही बदलेल.

२२/ पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. एसी-१ हा प्रवर्ग म्हणजे विद्युत् भट्टी, हीटर यांसारखा सौम्य भार. तिथे ती पेटी ५० अँपिअर पेलते. एसी-३ म्हणजे पिंजरा-रोटरची मोटर सुरू करणे आणि ती पूर्ण वेगात असताना बंद करणे. तिथे तिचा आकडा ३२. आपल्याकडे ४१५ व्होल्टवर १५ किलोवॅटची, म्हणजे २० अश्वशक्तीची, मोटर साधारण २८ अँपिअर घेते. तिला ही पेटी चालते, ती ३२ या आकड्यामुळे. ५० मुळे नव्हे.

२३/ एसी-३ च्या आयुष्य-चाचणीत कॉन्टॅक्टर सहापट प्रवाह जोडतो, पण तोडतो तो एकपटच. आणि तोही साऱ्या दाबाच्या अवघ्या १७ टक्क्यांवर. ही सवलत कशासाठी? फिरती मोटर वीज तोडल्यावर क्षणभर स्वतःच जनित्रासारखी वागते आणि पुरवठ्याला तोडीस तोड दाब उभा करते. पॉइंटांच्या फटीला उरलेला फरक तेवढा सोसावा लागतो. मोटरच आपल्या स्विचला मदत करते.

२४/ पण क्रेन चालवणारा भार एक इंच हलवण्यासाठी बटण टिचकीसरशी दाबतो आणि सोडतो. मोटरने अजून वेग घेतलेला नसतो; प्रवाह सहापट, दाब पूर्ण, मदत शून्य. फिरती मोटर उलट्या दिशेने जोडून थांबवली, तरी तीच अवस्था. हा प्रवर्ग एसी-४. इथे बरे आयुष्य हवे असेल, तर त्याच पेटीचा आकडा बहुधा ३२ च्या निम्म्याहूनही खाली धरावा लागतो.

२५/ अमेरिकन पद्धत चुकांना उदार, तर आयईसी पद्धत काटकसरी. तीत साधन लहान आणि स्वस्त होते, परंतु विचार करण्याची जबाबदारी निवडणाऱ्यावर येते. भारताने दुसरी वाट स्वीकारली. आयईसीच्या धर्तीचे आयएस १३९४७ हे भारतीय मानक १९९३ मध्ये आले. म्हणजे तो विचार आता आपल्या पॅनेल बांधणाऱ्यांनी आणि वायरमननी करायचा आहे.

२६/ या उद्योगाची मुंबईतील शाखाही लक्षणीय आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत स्थापलेल्या लार्सन अँड टुब्रोचे कॉन्टॅक्टर आणि स्टार्टर पुढे देशभरच्या कारखान्यांत व शेतांत पोहोचले. तो व्यवसाय २०२० मध्ये श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. फ्रान्समध्ये १९२४ साली स्थापन झालेली आणि कॉन्टॅक्टरसाठी गाजलेली टेलिमेकानिक ही कंपनी १९८८ मध्येच त्या समूहात आली होती.

२७/ चुकीचा आकडा धरला तर काय होते? पॉइंट वितळून एकमेकांना चिकटतात. कॉइलची वीज गेली, लाल बटण दाबले, तरी यंत्र फिरतच राहते. म्हणून जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे दोन कॉन्टॅक्टर एकापाठोपाठ लावतात आणि ‘मिरर’ पॉइंटांची योजना करतात : एकही मुख्य पॉइंट चिकटला असेल, तर हा बंद-सूचक पॉइंट मिटूच शकत नाही आणि यंत्र पुन्हा सुरू होण्यास नकार देते.

२८/ दुसरा शत्रू म्हणजे पडता दाब. मानकानुसार कॉइलने ठरलेल्या दाबाच्या ८५ ते ११० टक्क्यांच्या पट्ट्यात नीट काम केले पाहिजे. लांब आणि बारीक तारेच्या टोकाला मोटर सुरू होताना दाब त्याहून खाली गेला, की गाभा धड मिटत नाही, धड सुटत नाही. सहापट प्रवाहावर पॉइंट खडखडत राहतात आणि थोड्याच वेळात जळतात. दोष मग कॉन्टॅक्टरच्या माथी मारला जातो.

२९/ तिसरी गोष्ट शॉर्ट सर्किटची. तेवढा प्रवाह तोडणे हे कॉन्टॅक्टरचे काम नव्हे. ते फ्यूजचे किंवा ब्रेकरचे. मानक दोन प्रकारचे मेळ मानते. पहिल्या प्रकारात माणसाला इजा न होणे पुरे, स्टार्टर निकामी झाला तरी चालते. दुसऱ्या प्रकारात पॉइंट किंचित चिकटले तर सोडवता यावेत आणि स्टार्टर पुन्हा वापरता यावा. अखंड चालणाऱ्या कारखान्याने दुसराच मागावा, आणि फ्यूजची जोडी निर्मात्याच्या तक्त्यातून घ्यावी.

३०/ आता शेतात येऊ. कृषिपंपाच्या स्टार्टरमध्येही हेच तत्त्व : वीज गेली की पंप सुटतो आणि पुन्हा बटणाची वाट पाहतो. पण वीज अवेळी, रात्री-अपरात्री येते, तेव्हा अंधारात विहिरीवर कोण जाणार? म्हणून शेतकरी ऑटो स्विच बसवतो. वीज येताच एका डीपीवरचे सारे पंप एकाच क्षणी सहापट प्रवाह मागतात, दाब कोसळतो, डीपी जळते. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते ते यासाठी.

३१/ यात शेतकऱ्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. साप-विंचवांच्या वाटेने रात्री बटण दाबायला जाणे त्याला टाळायचे असते. पंपाने माणसाची वाट पाहावी ही रचना माणूस जवळ असेल असे गृहीत धरून झाली. वीज कोणत्या वेळी येईल हे तिच्या हाती नव्हते. दिवसा आणि भरवशाची वीज मिळाली, तर ऑटो स्विचचे निम्मे कारणच नाहीसे होईल.

३२/ आकड्यांचा इतिहास अजून संपलेला नाही. नव्या, अधिक कार्यक्षम मोटरी चालताना वीज वाचवतात, पण सुरू होताना जुन्या मोटरींहून अधिक प्रवाह खेचतात. म्हणून आयईसीने २०१८ च्या आवृत्तीत एसी-३ई हा नवा प्रवर्ग जोडला. जुनी मोटर काढून नवी बसवताना जुनाच कॉन्टॅक्टर पुरेल, असे आता न तपासता म्हणता येत नाही.

३३/ तेव्हा निवडीचा क्रम असा. भार कोणता : हीटर की मोटर? मोटर बंद केव्हा होणार : पूर्ण वेगात की अर्ध्या वाटेवर? तासाला किती वेळा? कॉइलला शेवटच्या टोकाला दाब किती मिळतो? पाठीशी फ्यूज कोणता? स्टार-डेल्टा असेल तर मुख्य आणि डेल्टा कॉन्टॅक्टर मोटर-प्रवाहाच्या ५८ टक्के, तर स्टारचा ३३ टक्के धरून घ्यावा.

३४/ दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न सहसा येतो : ‘किती अँपिअरचा देऊ?’ त्याला उत्तर देण्याआधी आपण सांगावे, की मोटर किती किलोवॅटची आहे आणि ती बंद कशी होणार आहे. मग पेटीवरच्या दोन आकड्यांपैकी कोणता आपला, हे दुकानदारालाही विचारावे लागणार नाही.